प्रतिपालक होताना : मुलाची गोपनीयता आणि नेहमीचे प्रश्न

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोविडची दुसरी लाट तीव्र झाली असताना देशभरातील भ्रमणध्वनींवर एकाच स्वरूपाचे संदेश फिरत होते. आईवडिलांचे निधन झाले आहे, लहान मुले निराधार आहेत, कोणी त्यांना घरी नेण्यास तयार असल्यास पुढील क्रमांकावर संपर्क साधावा, असा त्यांचा आशय असे. काही संदेशांत मुलांचे वय असे, काहींत छायाचित्रही. पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांचा हेतू मदतीचाच होता. मात्र अशा रीतीने मूल देणे अथवा घेणे बेकायदा असल्याचा इशारा केंद्र सरकारला त्या वेळी द्यावा लागला. निराधार मुलांची ओळख जाहीर करून निधी गोळा करणाऱ्या किंवा दत्तक घेण्याचे आवाहन करणाऱ्या संस्था आणि व्यक्तींना रोखण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये राज्यांना दिले.

आईवडिलांपासून दुरावलेल्या मुलाला घर मिळवून देणे आणि त्याची ओळख जपणे, या दोन्ही गोष्टी कायद्याने एकमेकींशी जोडलेल्या आहेत, हे त्या प्रसंगातून स्पष्ट झाले. ज्या कुटुंबांना अशा मुलाचा काही काळ सांभाळ करावयाचा आहे, त्यांच्यासाठी ‘फॉस्टर केअर’, म्हणजेच प्रतिपालकत्वाची कायदेशीर व्यवस्था उपलब्ध आहे. दत्तकविधानाच्या तुलनेत ती फारशी परिचित नाही. या व्यवस्थेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न आणि तिच्यातील गोपनीयतेच्या नियमांचा हा आढावा.

प्रतिपालकत्व म्हणजे काय?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ या कायद्याच्या कलम ४४ मध्ये प्रतिपालकत्वाची तरतूद आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला त्याच्या स्वतःच्या कुटुंबाऐवजी निवडलेल्या, पात्र ठरलेल्या आणि देखरेखीखाली असलेल्या दुसऱ्या कुटुंबात अल्प अथवा दीर्घ काळासाठी ठेवणे, असे त्याचे स्वरूप आहे. हा आदेश देण्याचा अधिकार जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला आहे. समितीवर एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात व त्यांपैकी किमान एक सदस्य महिला असणे बंधनकारक आहे. कुटुंबाची पाहणी करणे आणि अर्थसाहाय्य पोहोचवणे ही कामे जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे असतात.

आईवडील गंभीर आजारी आहेत, कारागृहात आहेत किंवा मुलाला सांभाळण्यास असमर्थ अथवा अयोग्य ठरले आहेत, अशा परिस्थितीतील मुलांचे बालपण बहुतांशी संस्थांमध्ये जाते. त्यांच्यापैकी अनेकांना कायद्याने दत्तक देता येत नाही, कारण त्यांचे आईवडील हयात असतात. संस्था आणि दत्तकविधान यांच्यामधील ही पोकळी भरून काढणे हा प्रतिपालकत्वाचा उद्देश आहे. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या अनुच्छेद २० मध्येही कुटुंबापासून वंचित झालेल्या मुलांसाठी या पर्यायाचा उल्लेख आहे. मुलाची व्यवस्था करताना त्याच्या संगोपनातील सातत्य आणि त्याची सांस्कृतिक व भाषिक पार्श्वभूमी विचारात घ्यावी, असेही हा अनुच्छेद सांगतो.

दत्तक आणि प्रतिपालकत्व यांत फरक कोणता?

दत्तकविधानानंतर मूल सर्वार्थाने नव्या कुटुंबाचे होते आणि जन्मदात्या कुटुंबाशी असलेले त्याचे कायदेशीर संबंध संपुष्टात येतात. प्रतिपालकत्वात तसे घडत नाही. मुलाचे मूळ नाते, नाव आणि हक्क अबाधित राहतात. प्रतिपालक कुटुंबाच्या मालमत्तेत केवळ या नात्याने त्याला वारसाहक्क मिळत नाही. आईवडील पुन्हा सक्षम झाल्याचे समितीचे मत झाल्यास मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकते. ‘आपण वाढवलेले मूल एक दिवस परत जाईल’ ही शक्यता स्वीकारण्याची तयारी आहे का, हा इच्छुक दांपत्याने स्वतःला विचारावयाचा पहिला प्रश्न होय.

महाराष्ट्रातील वाचकांनी आणखी एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. राज्यातील बाल संगोपन योजनेचा लाभ प्रामुख्याने एकल पालकांकडे अथवा नातेवाइकांकडे राहणाऱ्या गरजू मुलांना मिळतो. त्यामुळे ‘संगोपन’ हा शब्द उच्चारताच अनेकांना ते अनुदान आठवते. अनोळखी मुलाला समितीच्या आदेशाने आपल्या घरी सांभाळणे ही त्याहून निराळी जबाबदारी आहे.

प्रतिपालक कोण होऊ शकतो?

२०१६ च्या आदर्श मार्गदर्शक सूचनांनुसार ही संधी विवाहित दांपत्यांपुरती मर्यादित होती. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०२४ मध्ये सुधारित सूचना जारी केल्या. त्यांनुसार अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित अथवा कायदेशीररीत्या विभक्त असलेल्या ३५ ते ६० वर्षे वयोगटातील व्यक्तीही अर्ज करू शकतात. एकट्या स्त्रीला मुलगा अथवा मुलगी यांपैकी कोणाचेही प्रतिपालकत्व मिळू शकते. एकट्या पुरुषाला केवळ मुलाचे. दांपत्याचे वैवाहिक जीवन किमान दोन वर्षे स्थिर असावे आणि दोघांच्या वयांची बेरीज किमान ७० वर्षे असावी, अशी अपेक्षा आहे. सर्वसाधारणपणे सहा वर्षांपेक्षा मोठ्या मुलांचा या व्यवस्थेत विचार केला जातो.

कुटुंबाची क्षमता, हेतू आणि मुले सांभाळण्याचा पूर्वानुभव यांच्या आधारे निवड करावी, असे कायदा सांगतो. गृहभेटीत घरातील जागा, उत्पन्न, सर्व सदस्यांचे आरोग्य, परस्परसंबंध आणि गुन्हेविषयक पार्श्वभूमी यांची चौकशी होते. घरातील वडीलधाऱ्यांचे आणि मुलांचे मतही महत्त्वाचे ठरते, कारण येणाऱ्या मुलाला त्या सर्वांच्या सहवासात राहावयाचे असते. भावंडे असल्यास, त्यांच्या हिताला बाधा येत नसेल तर, त्यांना एकत्र ठेवण्यासाठी सर्व प्रयत्न व्हावेत, असेही कलम ४४ मध्ये नमूद आहे.

खर्चासाठी साहाय्य मिळते का?

कायद्यात मासिक अर्थसाहाय्याची तरतूद आहे. केंद्र सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत २०२२ पासून प्रत्येक मुलामागे दरमहा ४,००० रुपयांची रक्कम निश्चित करण्यात आली आहे. पूर्वीच्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेत ती २,००० रुपये होती. हे साहाय्य मुलाचे शिक्षण, आहार आणि आरोग्य यांसाठी असते. ते प्रतिपालकांचे वेतन नव्हे.

मुलाची ओळख गोपनीय का?

बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मध्ये जी मूलभूत तत्त्वे दिली आहेत, त्यांत खासगीपणा व गोपनीयतेचा हक्क हे एक तत्त्व आहे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. मुलांच्या बाबतीत कायद्याने हे तत्त्व त्यापूर्वीच मान्य केले होते.

कलम ७४ नुसार चौकशी, तपास अथवा न्यायिक कार्यवाहीच्या संदर्भात अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटू शकेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. छायाचित्रही प्रसिद्ध करता येत नाही. ही मनाई वृत्तपत्रे, नियतकालिके आणि दृक्‌श्राव्य माध्यमांपुरती नाही. ‘संवादाची अन्य माध्यमे’ असा व्यापक शब्दप्रयोग कायद्यात आहे. उल्लंघन केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुलाच्या हितासाठी आवश्यक वाटल्यास, कारणे लेखी नोंदवून ओळख उघड करण्याची परवानगी समिती देऊ शकते. कलम ९९ नुसार समितीने विचारात घेतलेले मुलाविषयीचे सर्व अहवालही गोपनीय मानले जातात.

या तरतुदींमागील कारण व्यावहारिक आहे. वडील कारागृहात असल्याची किंवा आईने सोडून दिल्याची माहिती वर्गात पसरली, तर मुलाची ओळख त्या एका घटनेपुरती उरते. खेळताना झालेल्या साध्या भांडणातही तिचा उल्लेख होतो. अत्याचारग्रस्त मुलाच्या बाबतीत पत्ता उघड होणे त्याच्या सुरक्षिततेलाच बाधक ठरू शकते. शिवाय प्रतिपालकत्व तात्पुरते असते. मूल उद्या आपल्या घरी अथवा अन्य कुटुंबात गेले, तरी एकदा फुटलेली माहिती त्याच्या मागे जातच राहते.

प्रतिपालकांना कोणती माहिती मिळावयास हवी?

गोपनीयतेचा अर्थ प्रतिपालकांना अंधारात ठेवणे असा नाही. मुलाचे आजार, औषधे, ॲलर्जी, लसीकरण, शिक्षणाचा टप्पा, भावंडे, त्याला वाटणारी भीती आणि झोपेच्या व आहाराच्या सवयी यांची माहिती नसेल, तर त्याचा सांभाळ नीट करता येणार नाही. मुलाला कोणी भेटावे आणि कोणाला भेट देऊ नये, याविषयी समितीचा आदेश काय आहे, हेही ठाऊक असणे आवश्यक आहे. मूल घरी आणण्यापूर्वी या बाबी कक्षाच्या अधिकाऱ्यांना विचारून लिहून घेणे हिताचे ठरते. ही माहिती सांभाळ करण्यासाठी दिलेली असते. प्रतिपालक तिचे मालक नसतात.

शाळा, डॉक्टर आणि शेजारी यांना काय सांगावे?

याचा निकष एकच आहे : समोरच्या व्यक्तीला आपले काम करण्यासाठी जेवढे जाणून घेणे आवश्यक आहे, तेवढेच सांगावे.

समजा, नऊ वर्षांची एक मुलगी नव्या घरी आली आहे आणि तिला जवळच्या शाळेत घालावयाचे आहे. मुख्याध्यापकांना समितीचा आदेश दाखवणे, तिला शाळेतून घेऊन जाण्याचा अधिकार कोणाला आहे हे सांगणे आणि संपर्काचा क्रमांक देणे पुरेसे असते. ती आईवडिलांपासून का दुरावली, हे सांगण्याची गरज नसते. कागदपत्रे अपुरी असल्याची धास्ती अनेकांना वाटते. तथापि शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार ६ ते १४ वर्षे वयोगटातील मुलाला वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही आणि वयानुरूप इयत्तेत प्रवेश मिळण्याचा हक्क त्याला आहे.

डॉक्टरांना वैद्यकीय इतिहास सांगावाच लागतो. कौटुंबिक कहाणी मात्र उपचारांशी संबंध असेल तेवढीच सांगावी. एचआयव्ही संसर्गाबाबत विशेष दक्षता आवश्यक आहे. विश्वासाने कळलेली अशी माहिती संमतीविना इतरांना सांगण्यास एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ ने बंदी घातली आहे.

सर्वाधिक अवघड ठरतात ते शेजारी आणि नातेवाईक. ‘ही कोणाची?’, ‘हिचे आईवडील कोठे आहेत?’ असे प्रश्न जिज्ञासेने आणि बहुधा आपुलकीनेच विचारले जातात. अशा वेळी ‘ती सध्या आमच्याकडे राहते’ एवढे उत्तर खरे असते आणि पुरेसेही. हे उत्तर घरातील सर्वांनी, विशेषतः स्वतःच्या मुलांनी, आधीच ठरवून घ्यावे. दूरची भाची किंवा पुतणी असल्याचे सांगणे त्या क्षणी सोयीचे वाटते. पण असे असत्य मुलाला जपावे लागते आणि आपल्यात लपवण्यासारखे काही आहे, अशी त्याची समजूत होऊ शकते.

छायाचित्रे काढावीत का?

घरातील संग्रहासाठी जरूर काढावीत. वाढदिवस, दिवाळी, शाळेचा पहिला दिवस यांच्या आठवणींवर या मुलांचाही हक्क आहे आणि संस्थेत वाढलेल्या अनेकांकडे बालपणीचे छायाचित्रच नसते. परंतु ती समाजमाध्यमांवर अथवा मोठ्या कौटुंबिक गटांवर टाकू नयेत. केवळ चेहरा झाकल्याने प्रश्न सुटत नाही. गणवेश, इमारतीचे नाव किंवा सोबत लिहिलेली चार वाक्येही ओळख पटण्यास पुरेशी असतात. अत्याचारग्रस्तांच्या ओळखीसंबंधी डिसेंबर २०१८ मध्ये दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच बाब अधोरेखित केली होती : केवळ नाव टाळणे पुरेसे नाही, ओळखीकडे नेणारे दूरान्वयाचे तपशीलही टाळावयास हवेत.

समितीपासून काही गोपनीय ठेवता येते का?

नाही. बाहेरच्या जगाविषयी जेवढा संयम अपेक्षित आहे, तेवढाच मोकळेपणा समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्याशी अपेक्षित आहे. कलम ४४ नुसार प्रतिपालक कुटुंबांची पाहणी दरमहा व्हावयास हवी. मुलाची काळजी घेण्यात कुटुंब उणे पडल्याचे आढळल्यास मुलाला तेथून हलवले जाते. घर बदलणे, गंभीर आजार, नोकरी जाणे, कुटुंबातील कलह यांपैकी काही घडल्यास ते वेळीच कळवणे श्रेयस्कर.

मुलाने लैंगिक अत्याचाराविषयी काही सांगितल्यास परिस्थिती अधिक नाजूक होते. ‘कोणाला सांगणार नाही ना?’ असे विचारणाऱ्या मुलाला तसे वचन देण्याचा मोह होतो. परंतु लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार अशा अपराधाची माहिती असलेल्या व्यक्तीने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. माहिती दडवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून पाळता येणार नाही असे वचन देऊ नये. ‘तू सांगितलेस ते चांगले केलेस. तुझ्या सुरक्षिततेसाठी ज्यांना कळायला हवे, त्यांनाच मी सांगेन’ हे उत्तर मुलाला धीर देते आणि त्याचा विश्वासही राखते.

मुलापासून त्याचा भूतकाळ लपवावा का?

गोपनीयतेविषयी सर्वाधिक गैरसमज येथेच आढळतो. ती मुलाच्या वतीने पाळावयाची असते. मुलापासून त्याचीच हकिकत दूर ठेवणे असा तिचा अर्थ नाही. त्याच्याविषयीच्या अहवालाचा आशय त्याला कळवण्याची मुभा कलम ९९ ने समितीला दिली आहे. आपण येथे का आहोत, आईवडील कोठे आहेत, पुन्हा भेट केव्हा होईल, या प्रश्नांना वयाला साजेशी खरी उत्तरे मिळावयास हवीत. उत्तर अवघड असल्यास समुपदेशकाचे साहाय्य घ्यावे. मुलाने स्वतःहून आपल्या मैत्रिणीला काही सांगितले, तर त्याबद्दल त्याला रागावू नये. आपली गोष्ट कोणाला सांगावी, याचा निर्णय अखेर त्याचाच असतो.

आईवडील अयोग्य अथवा असमर्थ ठरल्याने मूल प्रतिपालक कुटुंबात आले असल्यास ते ठरावीक अंतराने मुलाला भेटू शकतात. अशी भेट मुलाच्या हिताची नसल्याचे समितीला वाटल्यास, कारणे नोंदवून ती नाकारली जाते. प्रतिपालकांनी परस्पर भेटी ठरवू नयेत आणि परस्पर रोखूही नयेत. मुलासमोर त्याच्या आईवडिलांची निंदा टाळणे, हा त्याचा आत्मसन्मान जपण्याचाच भाग होय.

पुढे दत्तक घेता येते का?

मूल दत्तकविधानासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित झाले असेल आणि त्याने किमान दोन वर्षे त्याच कुटुंबात व्यतीत केली असतील, तर ते कुटुंब दत्तकासाठी अर्ज करू शकते. पूर्वी ही मुदत पाच वर्षे होती. मात्र दत्तक मिळण्याची रांग टाळण्याचा मार्ग म्हणून प्रतिपालकत्वाकडे पाहणे योग्य नाही. दत्तकयोग्य ठरवलेल्या मुलाला दीर्घकालीन प्रतिपालकत्वात ठेवू नये, असे कलम ४४ मध्येच म्हटले आहे. विहित प्रक्रिया डावलून अनाथ अथवा सोडून दिलेले मूल दत्तकासाठी देणे किंवा घेणे हा तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपये दंडास, अथवा दोन्हींस पात्र असलेला गुन्हा आहे.

अर्ज कोठे करावा?

आपण राहतो त्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाशी संपर्क साधावा. बाल न्याय कायदा केंद्रीय असल्याने इंदूर, बडोदे, बेळगाव अथवा दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबासाठीही मूळ तरतुदी त्याच आहेत. अंमलबजावणीचा तपशील मात्र राज्यागणिक बदलू शकतो. २०२४ च्या सूचनांनुसार केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संगणकीय प्रणालीवरही इच्छुकांना नोंदणी करता येते.

संकटातील मुलाविषयी कळल्यास १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर माहिती द्यावी. निराधार मुलाविषयीचा संदेश भ्रमणध्वनीवर आल्यास तो पुढे न पाठवता याच क्रमांकावर कळवावा. आईवडिलांविना आढळलेल्या मुलाची माहिती २४ तासांच्या आत संबंधित यंत्रणेला देणे कायद्यानेही अपेक्षित आहे. त्या मुलाला मदत मिळते आणि त्याचे नावही अनोळखी हातांत पडत नाही.